बारा मोजेपर्यंत

फोटोमावशी घाबरते का, असं पार्कमधल्या कुणालाही विचारून बघा, तो आधी पोटभर हसेल. भूतबंगल्यातले दिवे गेले की ती एकटी आत शिरायची आणि यांत्रिक भूत किंचाळत अंगावर आलं की म्हणायची, "सरक रे बाजूला, कामात आहे." आकाशपाळणा मध्येच थांबला तर वर लटकलेल्यांना खालून दम भरायची, "उतरवतोय, उतरवतोय! रडायचं काम नाही!" आणि लोक खरोखर रडायचे थांबायचे. छाती धडधडणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच नाही, असं ती कमरेवर हात ठेवून सांगायची. कुणी विचारायची वाट न बघता सांगायची, हे विशेष.

तिचं काम सांगितलं की लोकांना गंमत वाटते. दर सोमवारी पार्क बंद झाला, शेवटची पोरंटोरं आईबापांच्या खांद्यावर झोपून बाहेर पडली, की ही बाई स्टँड रोवून इमारतींचे फोटो काढायची. भूतबंगला, परीचं घर, समुद्री चाच्यांचं जहाज, आणि सगळ्यात शेवटी राजवाडा. ते फोटो कुठे छापायला जात नसत. त्यावर ती लाल पेनाने गोल करायची आणि दुसऱ्या दिवशी तेच फोटो हातात घेऊन शिडी चढायची.

आता यात शहाणपण काय, ते राजवाडा कळल्याशिवाय कळणार नाही. समोरून बघाल तर तीन मनोरे, कमानी, गच्च्या, थाट विचारू नका. मागून बघाल तर प्लायवूड, लोखंडी अँगल आणि धुळीने भरलेली फळ्यांची वाट. सगळी शोभा दर्शनी भागाची, आणि तिच्यावर सोळाशे चाळीस बल्ब. पण हे बल्ब एकदम लागत नाहीत. ते पळतात. डाव्या कमानीतून उजेड निघतो, डाव्या मनोऱ्यावर चढतो, मधल्यावरून उडी मारतो आणि उजव्या मनोऱ्याच्या टोकाशी जाऊन विझतो, की पुन्हा डावीकडून सुरू. प्रत्येक बल्ब एका फेरीत क्षणभर लागतो आणि बाकी वेळ काळा असतो. मग त्यातला मेलेला कुठला आणि आपल्या पाळीची वाट बघणारा कुठला, हे डोळ्यांनी कसं ओळखणार? सगळे एकदम लावून बघावेत तर तेवढा भार पेलायची पॅनेलची ताकद नाही. एकदा कुणीतरी हौस केली होती, तेव्हा अर्धा पार्क अंधारात गेला.

हे पळते दिवे बसवले होते मावशीच्या नवऱ्याने. तो पार्कचा वायरमन. माणूस कामाला वाघ, बोलायला कंजूष, आणि एका जागी स्वस्थ बसायचा त्याला मनापासून कंटाळा. राजवाड्याच्या पोटात एक ढोल फिरतो, त्यावरच्या पितळी पट्ट्यांनी दिव्यांच्या ओळी लागतात आणि विझतात. तो ढोल किती वेगाने फिरवायचा हे वायरमनने घड्याळाने ठरवलं नव्हतं. समोरच्या कारंज्याच्या कठड्यावर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने बारा मोजून ठरवलं होतं. त्याचे बारा म्हणजे राजवाड्याची एक फेरी. कुणी विचारलं की बारा कशाला, तर म्हणायचा, "डोळ्याला बरं वाटलं."

मावशी तेव्हा गेटजवळच्या फोटोच्या खोलीत होती. येणाऱ्या कुटुंबांना रांगेत उभं करायचं, आजोबांची टोपी सरळ करायची, "हसा की, तिकीट काढलंय!" म्हणायचं आणि खटका दाबायचा. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि ती खोली बंद पडली. मावशीला साहित्याच्या कोठारात बसवलं. तिथे तिचा जीव रमेना. घरी येऊन बघावं तर नवरा मानेला तेल चोळतोय, कारण तीन रात्री कारंज्यावर बसून, मान वर करकरून त्याने मेलेले बल्ब शोधले होते, आणि तरी निम्मे सुटले होते.

"मी फोटो काढून देऊ?" ती एकदा म्हणाली.

"फोटोत काय वेगळं दिसणार आहे?" तो म्हणाला.

तिने ऐकलं नाही, ती ऐकणाऱ्यातली नव्हतीच. सोमवारी रात्री खोलीतला जुना कॅमेरा स्टँडवर चढवला, भिंगाचं भोक अगदी बारीक केलं, म्हणजे उजेड थेंबाथेंबाने आत यावा, आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमचे ते बारा मोजा. मोठ्याने." तो मोजू लागला. तिने एकाला खटका दाबला, तो बारापर्यंत दाबून धरला आणि सोडला. त्या बारा आकड्यांत प्रत्येक जिवंत बल्बाची पाळी एकदा तरी येऊन गेली आणि कॅमेऱ्याने ती टिपून ठेवली. फोटोत अख्खा राजवाडा एकदम पेटलेला होता. तसा तो कुणीच, कधीच पाहिला नव्हता. आणि त्या उजेडात एकतीस काळी भोकं होती.

वायरमन तो फोटो घेऊन मागच्या फळ्यांवरून फिरला. एकतीसच्या एकतीस बल्ब मेलेले निघाले. संध्याकाळी घरी येऊन त्याने चप्पल काढली, चहा घेतला आणि मग म्हणाला, "पुढच्या सोमवारीपण काढ." मावशी सांगते, लग्नात त्याने घातलेल्या हारापेक्षा तिला हे वाक्य जास्त आवडलं.

तेव्हापासून एकोणीस वर्षं हे चाललं. तो मोजणार, ती दाबणार. साडेसतरा वर्षं दोघं, आणि मग दीड वर्षापूर्वी वायरमनच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, पाय थोडाफार परत आला, पण बोलणं गेलं ते गेलंच. कळायचं सगळं. डोळे तेच, राग तोच, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचे. तसा तो आधीही बोलायला कंजूषच. पण न बोलणं वेगळं आणि बोलता न येणं वेगळं. मावशी हे एकदा नणंदेपाशी म्हणाली आणि त्या रात्री दोघी स्वयंपाकघरात बसून रडल्या. सकाळी उठून मावशीने डोळ्यांवर पाणी मारलं आणि कामाला गेली. कॅमेऱ्याचे बारा ती आता स्वतःच मोजू लागली. त्याच्याच चालीत, त्याच्याच दमात. "घड्याळ चुकेल, मी नाही," हेही सांगून झालं सगळ्यांना.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्यांनी सांगितलं की आकडे, वार असं ओळीने पाठ असलेलं कधीकधी आत शिल्लक राहतं, तिथून सुरुवात करा. आणि खरंच, वायरमनच्या तोंडून आकडे निघाले. आणखी एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे "अरे देवा". ते मात्र तो अगदी खणखणीत म्हणायचा. भाजीत मीठ जास्त झालं की "अरे देवा", बहीण भेटायला आली की "अरे देवा". नणंद राहायची खालच्याच मजल्यावर, दिवसातून चार वेळा यायची आणि चारही वेळा हे ऐकायची. ती म्हणायची, "वहिनी, दादाच्या मनातलं आत्ता कुठे बाहेर यायला लागलंय."

संध्याकाळी मावशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. बाईंनी दहापर्यंत सांगितलं होतं, हिने स्वतःच्या अखत्यारीत बारापर्यंत नेलं. एक, दोन, तीन अशी गाडी रुळावरून निघायची आणि नऊला येऊन थांबायची. रोज नऊ. त्याच्या कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे, पण पुढचा डबा काही हलायचा नाही. मग मावशी जीभ दातांना लावून 'द'चं तोंड करून दाखवायची. तो तिच्या ओठांकडे बघायचा आणि मग कुठे "दहा" निघायचं. तिच्या तोंडाकडे न बघता तो नऊच्या पुढे एकदाही गेला नव्हता. एकदासुद्धा नाही.

त्याच सुमाराला पार्कला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, मावशीसुद्धा हे कबूल करते. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि पडद्यावर पाहुण्यांनी मोबाईलवर काढलेले राजवाड्याचे फोटो दाखवले. प्रत्येकात राजवाडा दोन तृतीयांश काळा.

"हे बघा," साहेब म्हणाले, "लोक असा राजवाडा घेऊन घरी जातात. निम्म्याहून जास्त बल्ब बंद. हे सगळं उतरवू, भिंत पांढरी करू आणि मोठ्या यंत्रातून तिच्यावर चित्रं सोडू. बल्बांची कटकटच नको."

मावशी मागच्या रांगेतून उठली. "साहेब, बंद नाहीत ते. मोबाईल पापणी लवते न लवते तोच फोटो काढतो. तेवढ्यात त्या बिचाऱ्या बल्बाने काय करायचं? त्याची पाळी यायची असते अजून. फेरी पुरी होऊ द्या, मग काढलेला फोटो बघा. डोळा फसेल, तो फसवत नाही."

"म्हणजे सगळे चालू आहेत म्हणता?"

इथे शहाण्या माणसाने "बहुतेक" म्हटलं असतं. पण मावशीच्या जिभेला कुठला लगाम! "एकूण एक," ती म्हणाली. "तीन आठवड्यांनी सोमवारी या. सगळ्यांसमोर फोटो काढते. एक जरी काळा ठिपका दिसला, तर राजवाड्याचे बल्ब मी स्वतःच्या हाताने उतरवून देते."

"ठरलं," साहेब म्हणाले. "आणि ठिपका नसला तर राहतील बल्ब."

बोलून बसली खरी. घरी येऊन एकोणीस वर्षांचे फोटो पलंगावर पसरले तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकही फोटो असा नाही, ज्यात लाल गोल नाही. कधी सात, कधी तीन, एका भाग्याच्या सोमवारी फक्त एक. पण शून्य? शून्य कधीच नाही. पलंगाच्या कडेला वायरमन बसला होता. त्याने एकेक फोटो डाव्या हाताने उचलून पाहिला आणि बायकोकडे बघून म्हणाला, "अरे देवा."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली. तिला माहीत होतं की बल्ब उतरले तर तिचं काम जाईल. पण ते तिला एवढं लागलं नसतं, कोठारात बसून तिने आधीही दिवस काढले होते. हा माणूस खिडकीशी बसून रोज संध्याकाळी पार्कच्या दिशेने बघत बसायचा. दोन गल्ल्यांपलीकडे, घरांच्या वर, मधल्या मनोऱ्याचं टोक दिसायचं. ते उजळलं की त्याची मान किंचित हलायची. त्याने हाताने केलेलं, अजून चालणारं, एवढं एकच राहिलं होतं. ते टोक काळं झालं तर हा कशाकडे बघणार?

तीन आठवडे तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. हाताशी एकच माणूस, घोडेवाला. हा चक्रातले लाकडी घोडे सांभाळायचा, वायरमनचा जुना दोस्त, पिकल्या मिशांचा आणि तोंडाचा फाटका. जुन्या घडणीचे बल्ब आता मिळेनासे झाले होते. मग दोघांनी भूतबंगल्याच्या माळ्यावरून काढले, बंद पडलेल्या आगगाडीच्या डब्यांतून काढले, परीच्या घराच्या मागच्या भिंतीचे काढले, कारण तिकडे परी सोडून कुणी जात नाही. घोडेवाल्याच्या चक्राच्या छतावरचे आठही मावशीने गोड बोलून काढून घेतले.

"माझे घोडे अंधारात धावणार का आता?" तो करवादला.

"दिवसा धावू देत की. रात्री घोड्यांनी झोपावं," मावशी म्हणाली आणि शिडी उचलून चालू लागली.

फळ्यांच्या वाटेवरून रांगत, मागून एकेक होल्डर खेचून, पुसून, बल्ब घट्ट बसवून ती बाहेर यायची तेव्हा केसांत जळमटं आणि नाकावर काजळी असायची. पहिल्या सोमवारी अकरा काळे. दुसऱ्या सोमवारी चार. शेवटच्या रविवारी तिने चाचणी घेतली आणि दोन निघाले. ते दोन तिने त्याच रात्री बदलले आणि घरी येऊन वायरमनच्या पायांशी बसून म्हणाली, "अहो, झालं. आता एकही नाही. मला माहीत आहे." त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि जळमट काढून टाकलं.

सोमवार आला. पार्क बंद झाला तरी कुणी घरी जाईना. तिकीट फाडणारे, झाडूवाल्या, पाळण्याचे चालक, सगळे कारंज्याभोवती जमले. साहेबांनी मोठा पडदा आणून मावशीचा कॅमेरा तारेने त्याला जोडून ठेवला होता. फोटो निघाला की लगेच त्यावर उमटणार होता, म्हणजे मागाहून कुणी काही बोलायला नको. रहदारीचा आवाज मंदावलेला, वारा नाही, स्टँड पक्का. मावशीने साडीचा पदर खोचला, भोक बारीक केलं, कमानीवर नजर लावली.

"घाबरली तर नाहीस ना?" घोडेवाल्याने विचारलं.

"मी? चल!"

डाव्या कमानीत पहिला बल्ब लागला आणि तिने खटका दाबला. एक, दोन, तीन... मनातल्या मनात मोजत ती बारापर्यंत गेली आणि सोडला. मग सगळ्यांनी पडद्याकडे माना वळवल्या.

राजवाडा उमटला. डावी कमान, डावा मनोरा, मधला मनोरा, गच्च्या, असा काही पेटलेला की झाडूवाल्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. आणि उजव्या मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग काळा ठिक्कर. एक ठिपका नव्हे, दोन नव्हेत. अर्धा मनोराच कुणी कापून नेल्यासारखा.

काल तर तिथे सगळं शाबूत होतं. मावशीने स्वतः बघितलं होतं.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "मावशी, तुम्ही फार मेहनत घेतलीत. पण..."

"थांबा," घोडेवाला ओरडला. तो पडद्याकडे बघतच नव्हता, राजवाड्याकडे बघत होता. "अहो, मनोरा तर लागतोय की! हा बघा चालला उजेड वर!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच, उजेड उजव्या मनोऱ्यावर पार टोकापर्यंत चढला आणि विझला. पुढच्या फेरीत पुन्हा चढला.

साहेब बुचकळ्यात पडले. एकदा पडद्याकडे बघत, एकदा मनोऱ्याकडे. "म्हणजे कॅमेरा चुकला? मावशी, तुम्हीच म्हणाला होतात, डोळा फसेल पण फोटो फसवत नाही. आज मी कशावर विश्वास ठेवू? मनोऱ्याचं सोडा, मघाशी ज्या बल्बांना जिवंत म्हटलं, त्यांचं तरी खरं कशावरून?"

प्रश्न चोख होता. मावशी स्टँडजवळ उभी होती. कॅमेरा जुना झालाय, असं ती म्हणू शकली असती. खटका अडकला म्हणू शकली असती आणि सगळ्यांनी ते मानलं असतं. पण तिने काळा भाग नीट पाहिला. मेलेले बल्ब कुठेही असतात, एक इथे, एक तिथे. हे सगळे एका ओळीतले होते, फेरीत सगळ्यात शेवटी लागणारे. त्यांची पाळी यायच्या आधीच खटका सुटला होता. म्हणजे तिचे बारा लवकर संपले होते. तिने छातीवर हात ठेवला. आत नुसता दणदणाट चालला होता.

"साहेब," ती म्हणाली, "बल्ब शाबूत आहेत. कॅमेराही शाबूत आहे." मग तिने छातीवरचा हात काढला. "मी घाबरले. मोजताना घाई झाली."

एक झाडूवाली दुसरीकडे बघू लागली.

"कोण घाबरलं?" घोडेवाल्याने विचारलं. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की विश्वास बसला नव्हता, कोण जाणे.

"मी! पुन्हा सांगू? मी घाबरले. पाय कापताहेत माझे, बघ. हे गेलं तर त्यांना घरी जाऊन काय तोंड दाखवू, हे मनात आलं आणि आकडे पळाले."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आणखी एक फोटो. शेवटचा. मी घड्याळ लावतो, तुम्ही दाबा."

"घड्याळ नको. हा राजवाडा घड्याळाने लावलेला नाही." मावशीने कमरेचा फोन काढला. "माझ्या आकड्यांवर आज माझा भरवसा नाही. ज्याच्या आकड्यांवर आहे, त्याला विचारते."

"मावशी," घोडेवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "तो नऊला अडकतो ना गं?"

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली.

पलीकडून नणंदेने उचललं. "वहिनी? काय झालं? दादा खिडकीशीच बसलाय, झोपायला तयार नाही."

"फोन त्यांच्या तोंडाशी धर. आणि तू मध्ये बोलू नकोस, कितीही वेळ लागला तरी." मग मावशीने फोन स्पीकरवर टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकताय ना? मी राजवाड्यासमोर आहे. तुमचे बारा मोजा. मी दाबते."

फोनमधून नुसता श्वास आला. कमानीत पहिला बल्ब लागला, विझला, उजेड वर गेला, फेरी संपली. दुसरी फेरी संपली. लोक एकमेकांकडे बघू लागले. आणि तिसऱ्या फेरीला, डावी कमान उजळायला आणि आवाज यायला एकच गाठ पडली.

"एक."

मावशीने खटका दाबला.

"दोन. तीन." आवाज जड होता, कडा घासल्यासारखा, पण चाल तीच. "चार. पाच. सहा." उजेड डाव्या मनोऱ्यावरून मधल्यावर गेला. "सात. आठ. नऊ."

आणि गाडी थांबली.

मावशीचं बोट खटक्यावर आवळलेलं. नकळत तिने अंधारात जीभ दातांना लावली, 'द'चं तोंड केलं, पण ते बघायला तो समोर कुठे होता! उजेड उजव्या मनोऱ्यावर चढत चढत टोकाला गेला आणि विझला. फेरी पुरी झाली, म्हणजे खरं तर काम झालं होतं, आता सोडलं तरी चाललं असतं. पण तिने सोडलं नाही. तो मोजतोय आणि आपण मध्येच सोडून द्यायचं, हे तिच्याच्याने झालं नाही. डावी कमान पुन्हा उजळली. फोनमध्ये श्वास जोराजोरात चालला होता, घामाघूम झालेल्या माणसाचा.

"द," असा तुटका आवाज आला. मग काही नाही. मग, "दहा."

घोडेवाल्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

"अकरा," फोन म्हणाला, आणि लगेच, जणू आता कुणी अडवून दाखवावं, "बारा."

मावशीने खटका सोडला. फोनमधून नणंदेचा हुंदका आला आणि पाठोपाठ खणखणीत, स्वच्छ, "अरे देवा."

पडद्यावर राजवाडा उमटला. साहेब पुढे झाले, अगदी नाक लावून त्यांनी एकेक ओळ पाहिली, कमानी, गच्च्या, तिन्ही मनोरे. घोडेवाल्याने पाहिलं. झाडूवाल्यांनी पाहिलं. काळा ठिपका कुठेच नव्हता. सोळाशे चाळीसच्या सोळाशे चाळीस. फक्त डावी बाजू जरा जास्त उजळ होती, कारण तिथले बल्ब दोनदा टिपले गेले होते.

"राहतील बल्ब," साहेब म्हणाले. मग फोनकडे बोट दाखवत, "मोजत होते ते कोण?"

"वायरमन," मावशी म्हणाली आणि मग मात्र तिला रडू फुटलं, तेही सगळ्यांच्या देखत, आणि तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोटो छापून घरी घेऊन गेली. वायरमन खिडकीशी बसला होता, नणंद शेजारी भाजी निवडत होती. मावशीने फोटो त्याच्या मांडीवर ठेवला आणि लाल पेन पुढे केलं. "घ्या. करा गोल. सापडला कुठे काळा तर दाखवा मला."

त्याने पेन घेतलं नाही. डाव्या हाताचं बोट फोटोवरून हळूहळू फिरवलं, एकेका ओळीवरून, फळ्यांच्या वाटेवरून चालावं तसं. उजव्या मनोऱ्याच्या टोकावर थोडं थांबलं. मग परत डावीकडे आलं आणि त्या जास्त उजळलेल्या कमानीवर टेकलं. त्याने भुवया आवळल्या, मान हलवली, ओठ जुळवायला लागला. मावशीला वाटलं, आता "अरे देवा" येणार.

"जास्त," वायरमन म्हणाला.

नणंदेच्या हातातली भाजी तशीच राहिली. आकडा नाही, "अरे देवा" नाही, असा हा दीड वर्षातला पहिला शब्द, आणि तो होता तक्रारीचा! त्याने बोट पुन्हा कमानीवर आपटलं आणि बायकोकडे अगदी जुन्या नजरेने बघितलं. "जास्त. जास्त."

"जास्त कुणी मोजलं?" मावशी कमरेवर हात ठेवून कडाडली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "नऊला जाऊन बसला होतात ना तुम्ही! मी बोट आवळून उभी तिथे! आणि आता मलाच शिकवा!"

त्याने फोटो उचलून खिडकीच्या गजांना टेकवून ठेवला, जरा लांबून पाहिला आणि मान हलवली. मावशी डोळे पुसत चहा टाकायला आत गेली, आणि तिथूनही तिचं भांडण चालूच होतं.